न्यूरेंबर्गला सोळा वाजतात

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, मेट्रोचं कार्ड, गॉगल, सगळं टेबलावर ठेवा. जेवण झालं की तोंडात टाकायला वेलदोडे ठेवता ती छोटी डबी मात्र राहू द्या, ती लागेल. लोकरीचे मोजे दोन जोड चढवा. आत बंडी, वर बंडी, त्यावर जाड काळा डगला. काळाच घ्या. आपण निघालोय त्या गावात कोणी काय अंगावर घालावं याचे नियम नगरसभेनं करून ठेवलेत. कुणाला लेस चालते, कुणाला मोती, कुणाला कोणती फर, सगळं ठरलेलं. तुमची पायरी कोणती ते तिथे कुणालाच माहीत नाही, तेव्हा नसता दिमाख नको.

चला. 24 डिसेंबर 1696, न्यूरेंबर्ग. तिकडे जिंजीला राजाराम महाराज वेढ्यात आहेत. आपण त्यांच्या वाटेला जाणार नाही. आपल्याला बाजार करायचाय.

पहिल्यांदा जाणवते ती थंडी. महाबळेश्वरची म्हणाल तर नाही. ही नाकाच्या शेंड्यापासून आत शिरते, दातांच्या मुळाशी बसते, आणि तुम्ही श्वास घेतलात की छातीत कुणी थंड पितळी ठेवल्यासारखं होतं. पायाखाली बर्फ आणि लीद यांचा चिखल गोठून दगड झालाय. समोर वेस आहे. फ्राउएनटोर म्हणतात हिला. शेजारी तालमीतल्या वस्तादासारखा मांड्या रोवून उभा राहिलेला जाडजूड गोल बुरूज. वेशीच्या कमानीखाली घोडागाड्यांची रांग लागलीय आणि गाडीवाले एकमेकांच्या घोड्यांच्या आयांचा उद्धार करतायत. भाषा कळली नाही तरी सूर ओळखीचा वाटेल.

घाई आहे, कारण सूर्य मावळला की वेस बंद.

तुमच्या पुढचा गाडीवाला बांबर्गहून आलाय, इथून साठेक किलोमीटरवरून. त्याला सहज म्हणा, नाताळच्या शुभेच्छा. तो तुमच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहील. त्याच्या गावी आज 3 जानेवारी 1697 आहे. नाताळ होऊन गेला, नवं वर्ष लागलं, फराळ संपला. बांबर्ग कॅथलिक, त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच पोपचं सुधारलेलं पंचांग घेतलं. न्यूरेंबर्ग प्रोटेस्टंट, सूर्य पोपच्या बाजूनं असला म्हणून काय झालं, पोपचं पंचांग घ्यायचं नाही ते नाही. असा दहा दिवसांचा फरक. गाडीवाला या वेशीतून आत शिरला की दहा दिवस मागे जातो आणि त्याला दुसऱ्यांदा नाताळ मिळतो. आपल्याला हसायला तोंड नाही. आपल्याकडे टिळक पंचांगवाल्यांचा गणपती एखाद्या वर्षी इतरांच्या महिनाभर आधी येऊन विसर्जनही होऊन जातो, आणि एकाच वाड्यात दोन्ही सुखानं नांदतात.

आत या. आता वासाची तयारी ठेवा. चार मजली, उतरत्या छपरांची घरं, खाली गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दाराशी अंग चोरायचं. हजार चुलींचा लाकडाचा धूर गल्लीतच तरंगतोय. त्यात ओल्या लोकरीचा वास, आंबवलेल्या कोबीचा, घोड्यांचा, आणि पेग्नित्स नदीच्या बाजूनं वाऱ्याची झुळूक आली की चामडं कमावणाऱ्यांच्या हौदांचा. वरच्या खिडकीची कडी वाजली तर बाजूला व्हा. रात्रीचं भांडं रिकामं करण्याची ही वेळ नव्हे, पण नेम नाही. थंडीचा एवढाच उपकार, की बरीचशी घाण गोठलेली असते. जून महिन्यात मी तुम्हाला इथे आणलंच नसतं.

आवाज कसला येतोय? ठोकाठोकी. हे धातूचं गाव आहे. तार ओढणारे, पितळ ठोकणारे, सुया करणारे, कुलपं करणारे, तुताऱ्या घडवणारे. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर तसंच समजा, फक्त ती आळी गावभर पसरलीय. खिशात मावेल असं घड्याळ पहिल्यांदा करणाऱ्यांत ज्याचं नाव घेतात तो पेटर हेन्लाइन इथलाच.

घड्याळावरून आठवलं. मनोऱ्यावर ठोके पडतायत, मोजा. सात. तुम्ही मनात म्हणाल, संध्याकाळचे सात, मग इतका उजेड कसा? इथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात आणि रात्रीचे सूर्यास्तापासून. ऐन हिवाळ्यात दिवस आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची. उन्हाळ्यात उलटं. म्हणजे आत्ता दिवसाचे सात वाजलेत, तुमच्या हिशेबानं दुपारी तीनच्या आसपास, आणि आठ वाजले की दिवस संपला. पुन्हा एकपासून सुरुवात. ऋतू पुढे सरकतो तसा दिवसाच्या वाट्याचा एक तास वाढतो आणि रात्रीचा कमी होतो, त्याची तारीखवार कोष्टकं आहेत. परगावचे व्यापारी या घड्याळापायी टेकीला येतात. मला मात्र ही पद्धत फार आवडते. आपलं घड्याळ उजेडाकडे बघतच नाही. यांचं घड्याळ कामकऱ्याला सरळ सांगतं, बाबा रे, उजेडाचा एकच तास उरलाय, हात उचल.

तेव्हा हात नाही तर पाय तरी उचला. बाजार मोठ्या चौकात आहे.

चौकात तुम्ही चालत जात नाही, ढकलले जाता. लाकडी खोपटांच्या रांगा, मधल्या बोळांत माणसाला माणूस चिकटलेलं, आणि या चिकटण्यात पहिल्यांदाच जरा ऊब लागते. कोपर बरगडीत बसेल, कुणाची टोपली गुडघ्यावर आपटेल. कोणी माफी मागत नाही, तुम्हीही मागू नका. प्रत्येक पोराच्या तोंडात पिपाणी आहे. जत्रेतली पिपाणी तुम्हाला ठाऊक आहे. या जत्रेतही तिचा सूर तितकाच बेसूर आहे. या बाजाराला इथले लोक बाळ येशूचा बाजार म्हणतात. तो कधी सुरू झाला कुणास ठाऊक, पण फुलं रंगवलेली एक छोटी लंबगोल लाकडी डबी आहे, तिच्यावर 1628 साल आणि या बाजारातून भेट पाठवल्याची नोंद आहे. ती डबी आजही याच गावच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. कुणीतरी कुणाला तरी बाजारातून खाऊ आणला, एवढाच तिचा इतिहास.

सांताक्लॉज शोधू नका, तो नाही. भेटी आणतो तो बाळ येशू, रात्री, कुणाला न दिसता. दिव्यांनी लखलखलेलं झाडही या चौकात नाही. या खोपटासमोर मात्र थांबा. आत एक म्हातारी बसलीय आणि तिच्यापुढे भातुकली मांडलीय. दुसरा शब्दच नाही. बोटाच्या पेराएवढी तांब्याची पातेली, कथलाच्या ताटल्या, झारा, उलथनं, पाण्याची घागर, चुलीवरची तिवई. पाटा-वरवंटा तेवढा नाही, त्याच्या जागी पितळी खलबत्ता. श्रीमंतांच्या घरी यापुढची पायरी: माणसाच्या उंचीची लाकडी बाहुलीघरं, त्यात मजल्यावर मजले, प्रत्येक खोलीत गाद्या, कपाटं, आणि स्वयंपाकघरात भिंतभर टांगलेली भांडी. पोरींनी त्यावर संसार शिकायचा. म्हातारीनं बत्ता उचलून तुमच्या कानाशी खलात टण्णकन वाजवून दाखवला. बघा, वाजतो की नाही.

शेजारच्या खोपटात काहीतरी सळसळतंय. पितळ ठोकून ठोकून कागदाहून पातळ केलेलं, वाऱ्याच्या नुसत्या फुंकरीनं हलणारं, दिव्याच्या उजेडात सोन्याची बतावणी करणारं. बेगड! मखराचा आणि ताबुताचा बेगड. जर्मनमध्ये त्याच्या नावातच ती सळसळ आहे. तुमच्या मागे उभी असलेली एक मोलकरीण तो बघताना तोंड मिटायचं विसरलीय. मालकिणीचं सामान काखेत, पाय चिखलात, आणि डोळे तिथे. तिला अंगावर अस्सल सोनं घालायची परवानगी नाही. बेगड बघायला कोण अडवणार.

आता मान वर करा. समोर फ्राउएनकिर्शे, म्हणजे मरियमचं देऊळ. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात सम्राट चौथा कार्ल बसलाय, त्याला सात सरदारांनी प्रदक्षिणा घालायची अशी योजना आहे. त्याच्यावर एक गोळा, अर्धा सोनेरी, अर्धा निळा, चंद्राची कला दाखवणारा. आज सोनं जास्त दिसतंय. एकादशीच्या आसपासचा चंद्र आहे. सुंदर आहे ना? आणि आता एक गोष्ट सांगतो. तुम्ही उभे आहात तो सगळा चौक एके काळी ज्यूंची वस्ती होता. 1349 मध्ये त्याच सम्राटाच्या संमतीनं ती पाडली, शेकडो माणसं जाळून मारली, आणि त्यांचं प्रार्थनास्थळ होतं त्या जागी हे देऊळ उभं राहिलं. आज, नाताळच्या आदल्या दिवशी, ज्यू माणसाला या गावात घर करायची परवानगी नाही. बाजारात कुणी हे बोलत नाही. पिपाण्या वाजतायत.

चला पुढे. भूक लागली असेल.

मांसाहारी असाल तर प्रश्न मिटला. लाकडाच्या निखाऱ्यावर करंगळीएवढ्या सॉसेजेस तडतडतायत, चरबीचा थेंब पडला की जाळ उसळतो आणि भोवतीची माणसं एक पाऊल मागे सरून पुन्हा पुढे येतात. शाकाहारी असाल तर राईचा काळा पाव, कोबी, सलगम, डाळीचं सार. मिरची मागू नका, टोमॅटो मागू नका. प्यायला बियर, तांबूस, सकाळीसुद्धा. पोरंही पातळ बियर पितात, कारण पेग्नित्सचं पाणी तुम्ही मघाशी हुंगलंतच. ही बियर तुमच्या पायाखालीच मुरलीय. किल्ल्याच्या टेकडीखालचा वाळूचा खडक पोखरून तळघरांमागून तळघरं काढलीयत. बियर गाळायची तर खाली स्वतःचं तळघर हवं, असा नगरसभेचा हुकूम 1380 पासून आहे.

आणि आता तो वास. मगाचपासून येतोय, पण तुम्ही त्याला नाव दिलं नव्हतं. धूर, चरबी, घाम या सगळ्यांच्या वरून तरंगत येणारा. थांबलात ना? मला माहीत होतं. लवंग, जायफळ, दालचिनी, सुंठ, आणि वेलची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आजीच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं. साडेसहा हजार किलोमीटर लांब, बर्फात, भाषा येत नाही अशा गावात तुमच्या नाकानं तुम्हाला अचानक घरी नेऊन उभं केलं.

वास लेबकूखनचा आहे. नाकामागून चाला, गल्लीत डावीकडे, तिसरं दार. आत पाऊल टाकलंत की भट्टीची धग तोंडावर थप्पड मारावी तशी बसते. भुवयांवरचं दंव वितळून डोळ्यांत. लाकडी परातीत राईच्या पिठाचा आणि मधाचा काळपट गोळा पडलाय. तो आजचा नाही, कैक आठवडे गार कोठीत मुरत ठेवलेला आहे. मध गावाभोवतीच्या सरकारी रानातला. तिथल्या मधवाल्यांना पिढीजात हक्क आहेत आणि त्यांचं स्वतंत्र न्यायालयही आहे. शिकाऊ पोरगा गोळ्याशी कुस्ती खेळतोय. मालक नासपतीच्या लाकडाचा कोरीव साचा पीठ लावून घेतो, त्यात गोळा दाबतो, उलटा करून आपटतो. बाहेर पडतं कापडात गुंडाळलेलं बाळ, चेहऱ्यावरच्या हसण्यासकट. पुढच्या साच्यात घोडेस्वार. 1643 पासून या लोकांचा धंदा पाववाल्यांहून वेगळा मानला गेला आणि त्याचा तोरा मालकाच्या मिशीत दिसतो.

मसाला मात्र मालकाच्या हाती नाही. तो मालकीणबाईंच्या ताब्यात, कुलूपबंद पेटीत, किल्ली कमरेला. ती पेटी उघडते, चिमटीनं घेते, ताजव्यात टाकते, पुन्हा चिमटीनं थोडं कमी करते. मिरी सोन्याच्या भावानं जायची म्हणतात ते दिवस सरले, पण हातानं टाकायचे दिवसही आलेले नाहीत. विचार करा, ही वेलची मलबारच्या डोंगरात तोडली, कोचीनला डचांच्या जहाजात चढली, सहा-आठ महिने अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ॲम्स्टरडॅमला उतरली, तिथून नदीनं आणि घोडागाडीनं इथे. डचांनी याच शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही वखार थाटली होती, तिचे अवशेष आजही तिथे आहेत. या मसाल्यावरच इथले सावकार गब्बर झाले. लोक त्यांना मागून फेफरझाक म्हणतात, म्हणजे मिरीचं पोतं. तोंडावर अर्थात महाराज.

काढा ती डबी.

मालकीणबाईंच्या हातावर चार वेलदोडे ठेवा. हिरवेगार, टपोरे, तुमच्या वाण्यानं गेल्या महिन्यात दिलेले. तिनं असे कधी पाहिले नाहीत. तिच्याकडे येतात ते समुद्राची हवा खाऊन फिकटलेले. ती एक नखानं फोडते. काळे, चिकट दाणे. नाकाशी नेते, आणि तिचा हात थांबतो. ती मालकाकडे बघते, मालक दाराकडे.

खुश होऊ नका, ती घाबरलीय. या गावात मसाल्याच्या भेसळीला हसत नाहीत. केशर तपासायला नगरसभेची माणसं आहेत, आणि 1444 मध्ये भेसळ करणाऱ्या एकाला त्याच्या भेसळीच्या केशराबरोबरच जाळलं. आपल्याकडच्या अन्न व औषध प्रशासनानं एवढं मनावर घेतलं तर दिवाळीच्या खव्याचं काय होईल, हा विचार तुमच्या मनात येईल. तो बाजूला ठेवा. आत्ता प्रश्न असा आहे की काळ्या डगल्यातला एक परका माणूस, ज्याला धड गावची भाषा येत नाही, तो खिशातून राजाच्या ताटातली वेलची काढून फुकट वाटतोय. चोरीची? विषारी? रंगवलेली? ती एक दाणा ओल्या बोटानं चोळते, रंग सुटतो का बघायला. सुटत नाही. दाणा जिभेवर ठेवते. डोळे मिटते.

मग डबीतले उरलेले वेलदोडे ती मोजून घेते. अकरा. ताजव्यात टाकत नाही, पेटीतही नाही. रुमालाच्या टोकाला गाठ मारून चोळीत खोचते. मालक काही बोलायला तोंड उघडतो, ती बघते, तो मिटतो. तुमच्या हातात एक बाळ येतं, गरम, तळव्याएवढं, मागे पांढरी पातळ चकती चिकटलेलं. चावा. वरून कडक, आत चिवट, मध दातांना धरून ठेवतो, मग सुंठ येते, मग मिरी, सगळ्यात शेवटी, घशाशी, लवंग. खवाही नाही, तूपही नाही, तरी ओळखीचं. गोव्यातल्या कुणी डोळे मिटून खाल्लं तर तिकडच्या दोदोल या मिठाईच्या बाजूला ठेवील, बाजूलाच, आत नाही.

मनोऱ्यावर घंटा घणघणते. दिवस संपला. वेशी बंद होतायत. आठ वाजून गेले, आता पुन्हा एकपासून.

गर्दीबरोबर सेबाल्डच्या देवळात चला. बाहेरच्यापेक्षा आत थंडी जास्त, दगडात साठवलेली. शेकोटी नाही. शेकडो माणसांच्या श्वासाची वाफ मेणबत्त्यांपाशी जाऊन सोनेरी होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पुढे पितळेची भलीमोठी समाधी आहे, पेटर फिशरनं मुलांना हाताशी घेऊन 1519 पर्यंत ओतलेली. खाली वाका आणि बघा: एवढं सगळं ओझं गोगलगायींच्या पाठीवर पेललंय. एका गोगलगायीवर हात फिरवा, कुणी बघत नाही. हात लगेच काढा, चिकटेल.

वरून ऑर्गन सुरू होतो. मागे कुणीतरी भाते तुडवतंय, त्यांचा धपधप आवाज सुरांच्या खालून येतो. ऑर्गन अडीचशे वर्षांचा जुना आहे आणि त्याच्यापुढे बसलाय एक त्रेचाळीस वर्षांचा माणूस, गावचाच, मध्ये एर्फुर्ट-गोटाकडे नोकऱ्या करून गेल्या वर्षी परतलेला. योहान पाखेलबेल. तुम्ही त्याला ओळखता. नाव नसेल माहीत, पण त्याची एक रचना तुम्ही लग्नाच्या व्हिडिओत, लिफ्टमध्ये, कस्टमर केअरच्या फोनवर वाट पाहताना शंभरदा ऐकलीय. इथल्या कुणाला याची कल्पना नाही. तुमच्या शेजारचा खाटीक डुलक्या घेतोय. पुढच्या बाकावरची चिमुरडी कुठल्याशा खिशातून भातुकलीतला बत्ता काढून बघतेय, आणि आई तिच्या हातावर हलकेच चापट मारते. बाळ येशूनं आणायच्या आधीच तिनं तो कसा मिळवला, ते मला विचारू नका.

रात्री खाणावळ. तिसऱ्या मजल्यावर, कलत्या छपराखाली, एका पलंगावर तिघं. तुम्ही, एक सुया विकणारा, आणि बांबर्गचा तो गाडीवाला, ज्याला आपला दुसरा नाताळ बियरनं साजरा करायचा होता आणि त्यानं केलाय. गवताची गादी टोचते, पिसवा चावतात, खालच्या मजल्यावरच्या फरशांच्या शेगडीची ऊब तुमच्या पावलांपर्यंत येते आणि गुडघ्यांशी थांबते. पांघरूण सुयावाल्यानं ओढून घेतलंय. बाटलीच्या बुडासारख्या गोल काचांतून चंद्राचा उजेड भिंतीवर वाकडा पडलाय. बोटांना अजून लवंगेचा वास आहे. हात उशीखाली घेऊ नका, नाकाशी ठेवा.

ठोके पडतात. डोळा लागला होता तुमचा. मोजा. सहा, सात, आठ. वा, सकाळ झाली!

झोपा. आठच वाजलेत, रात्रीचे. अजून आठ आहेत.